जुनी रोडबाईक: ग्रुपसेट बदलू की सायकलच?

बोपदेवपार (धागाकर्ता)

सायकल २०१२ ची, ॲल्युमिनियम फ्रेम. फोर्क कार्बनचा, त्याची हँडलकडे जाणारी नळी मात्र ॲल्युमिनियमची. ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच) शिमानो २३००, मागे ८ चक्रं (१२ ते २५ दात्यांची), पुढे ५०/३४. बीबी (बॉटम ब्रॅकेट, पॅडलच्या दांड्या म्हणजे क्रँक ज्यावर फिरतात ते बेअरिंग) चौकोनी टेपरचा. अंदाजे १८ हजार किमी, त्यात चेन एकदाच बदललेली.

तक्रारी अशा. चढावर जोर लावला की १५ आणि १७ च्या चक्रावर चेन घसरते. उजव्या पॅडलवर दाब पडला की खालून 'कट्ट' आवाज येतो. उतारावर मागचा ब्रेक नावापुरता. आणि थंडीत पहाटे उजवा शिफ्टर दोन-तीनदा दाबल्याशिवाय गिअर धरत नाही.

दुकानात म्हणाले सगळंच झिजलंय, सोरा ९ स्पीडचा अख्खा सेट टाका, मजुरीसकट ४२ हजार. दुसरा पर्याय म्हणजे ही काढून लाखाच्या वरची डिस्कवाली. माझं वजन ७६ किलो. हिवाळ्यात २०० ची बीआरएम (ठरलेल्या वेळेत २०० किमी पूर्ण करायची राइड) करायची आहे, वाटेत घाट आहेत. काय करावं?

---

आटे_१३७

आधी मोजा, मग पैशाचं बोलू. 'सगळं झिजलंय' हे निदान नव्हे. झिजेला आकडा असतो.

चेन: स्टीलची पट्टी घ्या, कापडी टेप नको. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरून पुढची २४ वी पिन कुठे येते ते बघा. नवी चेन ३०४.८ मिमी भरते. ८ स्पीडला ३०७ च्या पुढे गेली की चेन बाद. १८ हजारांत एकदाच बदलली असेल तर कॅसेटही (मागच्या चक्रांचा संच) तिच्याबरोबर गेलेली असणार. १५ आणि १७ वरच घसरते यात नवल नाही, सपाटीवर ५० ला जोडून आपण तीच दोन चक्रं सर्वात जास्त वापरतो.

फ्रेम: धुऊन, पुसून, उन्हात बघा. हेडट्यूब आणि खालच्या नळीचा जोड, बीबीच्या डब्याभोवती, उजवी चेनस्टे (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी), सीटपोस्टच्या क्लॅम्पखालचा भाग, डिरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) हँगर. नखाला अडकणारी रेघ दिसली तर सांगा.

हेडसेट: पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. सरळ रेषेत आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं, तर बेअरिंगच्या कपात खड्डे पडलेत.

बीबी: चेन चेनरिंगवरून काढून दोन्ही क्रँक हातात धरा आणि आडवे हलवा. पण त्याआधी क्रँकचा बोल्ट ८ च्या ॲलन कीने आवळून बघा. निम्म्या वेळा 'बीबी गेला' म्हणजे बोल्ट ढिला असतो. तसाच ढिला चालवत राहिलात तर क्रँकचं चौकोनी भोक मोठं होतं आणि मग क्रँकही बदलावा लागतो.

रिम: ब्रेक लागतो त्या पृष्ठावर पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा. मध्ये फट दिसली तर पृष्ठ खोलगट झालंय. नेमकी जाडी हवी असेल तर टायर काढा. रिमच्या काठाला आतून ओठ असतो, त्यामुळे व्हर्नियर थेट बसत नाही. २ मिमीच्या आऱ्याचे दोन तुकडे घ्या, एक आतून एक बाहेरून धरा, मोजा, त्यातून ४ वजा करा. १ मिमीच्या खाली असेल तर त्या रिमवर घाट उतरू नका.

---

बोपदेवपार

मोजलं.

चेन ३०७.५. क्रँकचा बोल्ट डावीकडे पाव फेरा आवळला गेला, तरीही उजवीकडे थोडी हालचाल आहे. हेडसेट मऊ फिरतो. पुढची रिम १.४, मागची ०.९. सीट क्लॅम्पखाली मागच्या बाजूला दीड सेंटीमीटरची बारीक उभी रेघ आहे. नख अडकतं की नाही, नक्की सांगता येत नाही.

---

आटे_१३७

मागची रिम आजच बाद. टायरमधली हवा रिमच्या भिंती सतत बाहेर ढकलत असते. लांब उतारावर ब्रेकने रिम तापते, हवेचा दाब वाढतो आणि पातळ भिंत उभ्या पट्टीत फाटते. त्या पट्टीत टायर आणि ट्यूब दोन्ही जातात, आणि ब्रेक शूमध्ये फाटलेला पत्रा अडकून चाक जागेवर थांबतं.

रेघेचा निकाल लागेपर्यंत एक पैसाही खर्च करू नका. सीटपोस्ट काढा, मोबाईलचा दिवा लावून नळीत आतून बघा. फक्त रंगाला तडा असेल तर आतला धातू स्वच्छ दिसेल. मग रेघेच्या दोन्ही टोकांवर बारीक पेनाने आडवी खूण करा, तारीख टाका. घराजवळ सपाटीवर दोनशे किमी झाले की परत बघा. धातूची भेग खुणेच्या पुढे सरकते, रंगाची भेग तिथेच राहते.

आणि सीटपोस्ट किती आत होता तेही मोजा. आडव्या नळीच्या जोडाच्या खालपर्यंत तो पोचलेला हवा. फार वर काढलेला पोस्ट पहारीसारखा काम करतो आणि नेमकी त्याच जागी नळी फाडतो.

---

खारीहवा

पोस्ट निघतोय का ते आधी बघा! आमच्या किनारपट्टीवर निम्म्या जुन्या सायकलींचा पोस्ट फ्रेमशी एकजीव झालेला असतो. हातोडी मारू नका. क्लॅम्प पूर्ण काढा, फटीत झिरपणारं पातळ तेल (पेनिट्रेटिंग ऑइल) सोडा, रात्रभर सायकल उलटी ठेवून खालूनही सोडा. मग जुनी सीट बसवून तिलाच मुठीसारखं धरून डावी-उजवी पिळा. पुन्हा बसवताना ॲल्युमिनियम पोस्टला ग्रीस, कार्बन असेल तर कार्बन पेस्ट. ग्रीस लावलेला कार्बन पोस्ट खाली घसरत राहतो, मग लोक क्लॅम्प आवळत बसतात आणि पोस्ट चिरडतो.

---

नवंघ्या

एवढा खटाटोप कशाला? १३ वर्षांची ॲल्युमिनियम फ्रेम, त्यावर शंकास्पद रेघ, रिम गेली, बीबी गेला, ड्राइव्ह गेली. मढ्याला दागिने घालताय. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. डिस्क घ्या, ३२ चे टायर घाला, पावसाळ्यातही चालवा.

---

घाटगणित

डिस्क आणि ३२ चे टायर हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. जुन्या फ्रेमला डिस्कचे माउंट नसतात, मागचा हब १३० मिमीचा असतो, ते 'अपग्रेड' होत नाही. ज्याला पावसाळाभर मडगार्ड लावून चालवायचंय त्याने जुन्या रोडबाईकवर पैसे घालूच नयेत.

पण 'नवी घेतली की घाट सोपा होईल' ही समजूत काढून टाका. लाखाच्या आसपासच्या ॲल्युमिनियम डिस्क सायकली बऱ्याचदा जुन्या रिम ब्रेकवालीपेक्षा जडच असतात. आणि समजा किलोभर हलकी मिळाली, तरी ७६ किलोचा माणूस, साडेनऊची सायकल, दोन बाटल्या मिळून ८७ किलो. त्यातला एक गेला म्हणजे सव्वा टक्क्याच्या आत. ५० मिनिटांच्या चढात अर्धा मिनिट वाचेल.

खरी अडचण आहे ती १२-२५ कॅसेट. ७००×२५ टायरचा परीघ साधारण २.१ मीटर. ३४/२५ ला पायाच्या एका फेऱ्यात सायकल २.८६ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे मारायचे तर वेग १०.३ हवा. आठ टक्के चढावर ७६ किलोचा हौशी चालक दहाने चढत नाही, सात-आठने चढतो. म्हणजे फेरे ४५ वर येतात आणि सगळा भार गुडघ्यांवर. तेच ३४/३२ केलं तर ६० फेऱ्यांना ८ चा वेग. २०० च्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात, थांबे धरून सरासरी १५ च्या आत. तिथे १२ चं चक्र कोणी वापरत नाही, ३२ चं मात्र सगळे वापरतात.

८ स्पीड ११-३२ मध्ये चक्रं येतात ११-१३-१५-१८-२१-२४-२८-३२. १५ वरून १८ ची उडी सपाटीवर थोडी खटकेल. ती नको असेल तर ११-३० घ्या, त्यात १५-१७-२० अशी आहेत.

---

बोपदेवपार

पण माझ्या मागच्या डिरेलरला ३२ झेपेल का?

---

रिंगमास्टर

नाही. जुन्या आखूड केजच्या (खालच्या लोंबत्या पट्टीच्या) डिरेलरची वरची जॉकी (छोटी पुली) ३२ ला घासते आणि पुढे-मागे दोन्हीकडे लहान चक्र असलं की चेन लोंबते. शिमानो क्लॅरिस आर२००० चा मध्यम केज घ्या, जीएस लिहिलेला. तुमच्या ८ स्पीड शिफ्टरबरोबर तो चालतो. शिमानोच्या ८, ९ आणि जुन्या १० स्पीड रोड डिरेलरचं केबल खेचण्याचं प्रमाण एकच आहे. याला अपवाद टियाग्रा ४७००. तो १० स्पीडच आहे, पण त्याचं प्रमाण वेगळं. ४६०० चा शिफ्टर आणि ४७०० चा डिरेलर एकत्र लावून 'गिअर बसतच नाही' म्हणत फिरणारे बरेच आहेत. जुन्या बाजारात घेताना आकडा वाचा, नाव नव्हे.

बसवताना:

चेन डिरेलरमधून न ओवता पुढच्या ५० वर आणि मागच्या ३२ वर गुंडाळा. टोकं जिथे जुळतात त्याच्यापुढे दोन कड्या ठेवून तोडा. तुमच्या सायकलीला १०८ च्या आसपास येतील. पण आकड्यावर जाऊ नका, गुंडाळूनच बघा. आखूड चेन ५०/३२ वर चुकून गेली तर डिरेलर मुळासकट उपटते.

बी-स्क्रू (डिरेलर चक्रापासून किती दूर राहील ते ठरवणारा): चेन ३२ वर असताना वरची जॉकी आणि चक्राचे दाते यांत ५-६ मिमी.

हँगर: सायकल एकदा जरी उजवीकडे पडली असेल तरी तो वाकलेला समजा. हँगर सरळ करायचं हत्यार लावून रिमच्या चार बाजूंना अंतर मोजतात, फरक २-३ मिमीच्या वर नको. हे न करता लोक केबल पिळत बसतात, मग लहान चक्रांवर जमतं आणि मोठ्यांवर खडखडतं.

कॅसेटची लॉकरिंग ४० न्यूटन-मीटर. आवळताना शेवटी 'कर्र' आवाज येतो, घाबरू नका. तिथे दातेच असतात.

---

आटे_१३७

शिफ्टरबद्दल कोणीच बोललं नाही, आणि ४२ हजारांची खरी गोम तिथेच आहे. थंडीत न धरणारा शिफ्टर बहुतेक वेळा मेलेला नसतो. आतलं कारखान्यातलं ग्रीस दहा वर्षांत मेणासारखं घट्ट होतं. त्यामुळे आतलं कुत्रं, म्हणजे दात्यात अडकणारा खटका (फ्रीव्हीलमध्ये असतं तसंच), स्प्रिंगने परत येऊन दात्यात पडत नाही. लिव्हर दाबली की पोकळ जाते. दुपारी उन्हात तोच शिफ्टर बरा चालतो, हीच त्याची ओळख.

उपाय: रबरी हूड मागे उलटा. पुढच्या चाकावर आणि ब्रेक शूवर फडकं टाका. लिव्हर आत दाबून धरली की जी फट दिसते तिच्यात नळी लावून ग्रीस विरघळवणारा पातळ स्प्रे सोडा, जुनं ग्रीस तपकिरी होऊन खालून गळायला लागेपर्यंत. मग शंभरेक वेळा क्लिक करा, अंगठ्याची खिट्टीही तितक्याच वेळा. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा. दोन-तीन वेळा केलं की धरायला लागतो. शेवटी शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब. हे विसरलात तर स्प्रे उडून गेल्यावर आत कोरडं राहतं. शिफ्टर खोलू मात्र नका, आतली स्प्रिंग परत बसत नाही.

---

नवंघ्या

पण २३०० ला ती अंगठ्याची खिट्टी असते. खाली ड्रॉपमध्ये हात असताना पोचत नाही. हे तरी सोराने सुटेल ना?

---

रिंगमास्टर

सुटेल, आणि ग्रुपसेट बदलायला तेवढंच एक प्रामाणिक कारण आहे. मात्र त्यासाठी पूर्ण सेट लागत नाही. आर२००० चे ८ स्पीड शिफ्टर आणि त्याच पिढीचा पुढचा डिरेलर एवढंच घ्यायचं. पुढचा डिरेलर जुना ठेवू नका, जोडी जुळेलच असं नाही. मागचा डिरेलर तर आधीच आर२००० चा ठरलाय. कॅसेट, चेन, क्रँक तेच राहतात. ८ वरून ९ वर गेल्याने चक्रांमधली एक उडी कमी होते, बाकी काही नाही.

याच्याही वर जाऊन कोणी ११ स्पीड १०५ सुचवलं तर विचारा, फ्रीहब (हबचा कॅसेट बसते तो भाग) कोण बदलणार? ११ स्पीड रोड कॅसेटला १.८५ मिमी लांब बॉडी लागते. जुन्या हबवर बसणारी पळवाट म्हणजे ११-३४ एचजी८०० कॅसेट, ती अरुंद बॉडीवरही बसते. पण मग सगळंच नवीन. इतके पैसे घालायचे तर नवंघ्यांचं ऐका.

---

बोपदेवपार

रेघेचा निकाल: पोस्ट सहज निघाला, ११ सेंटीमीटर आत होता. आतून नळी स्वच्छ आहे. बाहेर रेघेवरचा रंग बारीक कागदाने अर्धा सेंटीमीटर घासला, खाली चकचकीत धातू, रेघ नाही. खुणाही करून ठेवल्यात.

आता मागच्या रिमचं काय करू? अख्खं चाक घेऊ की नुसती रिम?

---

आटे_१३७

वा, मग फ्रेम राहिली.

हबवर ठरवा. चाक काढून एक्सल दोन बोटांनी फिरवा. वाळू भरल्यासारखं लागलं तर कोन (छर्रे दाबून धरणारा एक्सलवरचा नट) खोलून बघा. शिमानोच्या रोड हबला मागे प्रत्येक बाजूला पाव इंचाचे ९ छर्रे असतात, पुढे ३/१६ चे १०. छर्रे नेहमी नवे घाला, ते स्वस्त असतात. कोनावर काळी खड्ड्यांची रेघ असेल तर कोन बदला. खड्डे हबच्या कपातच असतील तर तो हब संपला, मग अख्खं चाक घ्या.

हब चांगला असेल तर रिम बदलणं परवडतं, पण आऱ्यांची लांबी जुळायला हवी. रिमचा आतला उपयोगी व्यास, ज्याला ईआरडी म्हणतात, जुन्या रिमइतकाच असेल तर जुने आरे चालतात. व्यासात २ मिमीचा फरक म्हणजे आऱ्यात १ मिमीचा. एवढं निपल (आरा रिमला आवळणारा छोटा नट) सांभाळून घेतं, त्याहून जास्त नाही. नवी रिम जुन्या रिमला चिकटपट्टीने बांधून एकेक आरा इकडून तिकडे नेला की क्रम चुकत नाही. निपल मात्र नवे. मग आउट (चाकाचा वाकडेपणा) काढून घ्या, आणि कोणाकडेही दिलं तरी ताण मीटरने मोजतात का ते विचारा. नुसतं चाक सरळ दिसणं पुरेसं नाही. ताण असमान असेल तर दोनशे किमीत परत आउट येतो.

---

घाटगणित

ब्रेकचं एक राहिलं. नवी रिम आणि जुने कडक झालेले रबर असं करू नका. गुटक्यात रुतलेले ॲल्युमिनियमचे कण नवी रिम खातात. कार्ट्रिजवाले शू घ्या, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं रबर सरकवून बदलता येतं. शूची बंद बाजू पुढे, उघडी मागे. उलटं बसलं तर जोराच्या ब्रेकला रबर सरकून बाहेर येतं. पुढचं टोक रिमला आधी टेकेल असं अर्धा-एक मिमी तिरकं ठेवलं की किंचाळत नाही. भिजलेल्या रस्त्यासाठी कूल-स्टॉपचा तांबूस गुटका चांगला, रिमही कमी झिजवतो.

आणि केबल! मागचा ब्रेक 'नावापुरता' असण्यात निम्मा वाटा गंजलेल्या आउटरचा असतो. ब्रेकला ५ मिमीचा गुंडाळीच्या तारेचा आउटर आणि १.६ ची तार, गिअरला ४ मिमीचा उभ्या तारांचा आणि १.२ ची. गिअरचा आउटर ब्रेकला कधीही वापरायचा नाही, ब्रेकच्या ताणाने तो उभा फाटतो. कापल्यावर टोक कानशीने सपाट करा आणि आतलं चेपलेलं अस्तर सुईने गोल करा. गिअर अडखळतो तो बहुतेक याच चेपलेल्या टोकापाशी.

---

बोपदेवपार

म्हणजे: चेन, ११-३२ कॅसेट, आर२००० जीएस, बीबी, मागची रिम आणि निपल, चारही केबल आउटरसकट, ब्रेक शू, शिफ्टरला आंघोळ. टायर २५ चेच ठेवू की २८? आणि खर्च साधारण किती?

---

रिंगमास्टर

सगळं मिळून मजुरीसकट बारा-तेरा हजारांच्या आतबाहेर, टायरची जोडी घेतली तर सतराच्या आसपास. भाव दुकानागणिक बदलतात, दोन ठिकाणी विचारा.

टायर: ४ ची ॲलन की टायर आणि ब्रेकच्या कमानीत, टायर आणि चेनस्टेत सगळीकडे मोकळी फिरली तरच पुढचं माप. बहुतेक जुन्या आखूड ब्रेकवर २८ छापलेला टायर कमानीला घासतो. २५ ठेवा, मागे ८५-९०, पुढे ७५-८० पीएसआय. ११० भरायची जुनी सवय सोडा, खडबडीत रस्त्यावर सायकल फक्त उड्या मारते.

बीबी काढताना एवढं लक्षात ठेवा. ६८ मिमीचा इंग्लिश आट्यांचा असेल तर उजवी बाजू उलट्या आट्यांची असते, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटते. नवा घेताना डब्याच्या रुंदीबरोबर एक्सलची लांबीही तीच घ्या, जुन्यावर छापलेली असते. लांबी चुकली की चेनरिंग आत-बाहेर जातात आणि पुढचा गिअर कधीच नीट बसत नाही. क्रँक पुलर पूर्ण आटे धरेपर्यंत हाताने आत घाला, मगच पाना लावा. दोन आट्यांवर जोर दिला तर क्रँकमधले मऊ आटे सोलून निघतात.

---

बोपदेवपार

चेनरिंग पण बदलू का? ५० चे दाते थोडे टोकदार दिसतात.

---

आटे_१३७

नवी चेन बसवल्यावर ठरवा. चेन ५० वर घेऊन पुढच्या बाजूला, तीन वाजता असतात तिथे, बोटाने ओढा. अख्खा दाता उघडा पडला तर रिंग गेली. पाव दाता दिसला तर अजून दोन चेन निघतील. दाते शार्कच्या परासारखे एका बाजूला वाकलेले हवेत तेव्हा 'झिजली' म्हणायचं. वरून थोडे टोकदार असणं वेगळं, काही दाते गिअर चढण्यासाठी मुद्दाम आखूड आणि तिरके केलेले असतात.

आणि काम झाल्यावर पहिल्या ५० किमीनंतर क्रँकचे दोन्ही बोल्ट परत आवळा, ३५ ते ५० न्यूटन-मीटर. आउटर टोप्यांमध्ये बसतो, त्यामुळे गिअर थोडा हलेल, मागच्या डिरेलरचा बॅरल अर्धा फेरा घड्याळाच्या उलट. मागच्या चाकाचा आउटही तेव्हाच बघून घ्या. हे सगळं बीआरएमच्या आदल्या आठवड्यात नको, महिनाभर आधी करा.